शिंगाडीच्या बाई

आमच्या घरमालकीण बाईंची आणि माझी ओळख शिट्टीने झाली.

मी खोली बघायला गेलो होतो. फाटकाची कडी काढून आत पाऊल टाकलं, आणि इतक्या जोरात शिट्टी वाजली की दुसरा पाय हवेत तसाच ठेवून मी थांबलो. समोर ओट्यावर एक बाई उभ्या होत्या. वय साठीच्या पुढचं, रंग उन्हात रापलेला, सुती साडी घोट्याच्या बरीच वर खोचलेली, पायात कॅनव्हासचे पांढरे बूट. गळ्यात काळ्या दोरीला बांधलेली शिट्टी.

“वाक,” त्या म्हणाल्या.

मी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

“कुटं बघायलास? तुलाच सांगायलेय. वाक. आजून. आरं, कंबरेतनं वाक की, मान कशाला मोडायलास?”

मी वाकलो. इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट, केसांना लावलेलं जेल, या सगळ्यासकट वाकलो आणि तसाच बदकासारखा चालत ओट्यापर्यंत गेलो.

“आता सरळ हो,” त्या म्हणाल्या. मी सरळ झालो. मग आणखी सरळ झालो. त्यांनी मला नखशिखांत पाहिलं. “बया! खांबच हाय की. उंच मानसाला मी खोली देत न्हाय. पर तुला वाकता येतंय. खोली वर हाय, बघून ये.”

खोली हवेशीर होती, आणि कॉलेजची बस कोपऱ्यावरच थांबायची. खाली आलो तेव्हा, आपण कशासाठी वाकलो, हे विचारण्याचं धैर्य मी गोळा केलं. बाईंनी बोट दाखवलं. फाटकाजवळची कण्हेर आणि माझ्या जिन्याचा लोखंडी पाइप यांच्या मधोमध, बरोबर माझ्या नाकाच्या उंचीवर, एक जाळं होतं. मध्यभागी काहीतरी अडकलं होतं. मला वाटलं, ब्लाउजचं बटण असेल. मग त्या बटणाने पाय हलवले.

तुरीच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी. पाठ चिनी मातीच्या बशीसारखी टणक, पिवळट पांढरी, तिच्यावर काळे आडवे पट्टे; आणि कडेने सहा काटे, अगदी शिंगाड्याला असतात तसे. पाय इतके आखूड की असून नसल्यासारखे. जाळ्याच्या बाहेरच्या धाग्यांवर कापसाचे बारीक ठिपके ओळीने लावलेले होते.

“शिंगाडी,” बाईंनी ओळख करून दिली. “आन् ती पांढरी निशाणं दिसतात का? पाखरांनी, मानसांनी धडकू नये म्हनून लावलीत. पाखरांना कळतंय. मानसांसाठी मला शिट्टी वाजवावी लागती.”

आता माझं काम काय होतं तेही सांगून टाकतो, म्हणजे माझी अडचण कळेल. शहराबाहेरच्या एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात मी व्यक्तिमत्त्व विकास शिकवायचो. उभं कसं राहावं, हात कसा मिळवावा, नजरेला नजर कशी द्यावी, भीती कशी जिंकावी. माझी उंची सहा फुटांच्या वर असल्यामुळे ताठ कण्याचा नमुना म्हणून मी स्वतःलाच वर्गापुढे उभं करायचो. ‘जगात कुणापुढेही वाकू नका’ हे माझं आवडतं वाक्य. ते म्हणताना मी खिडकीबाहेर लांब कुठेतरी बघायचो. त्याने परिणाम वाढतो अशी माझी समजूत होती. आणि लहानपणापासून मला कोळ्याची भीती वाटते. साधीसुधी नव्हे. न्हाणीत कोळी दिसला तर मी आंघोळ रद्द करतो.

त्या रात्री मोबाईलवर शोधलं. ही काटेरी कोळ्याची जात, आशियातल्या उष्ण मुलखात राहणारी, श्रीलंकेत आणि आपल्याकडे सापडणारी, आणि माणसाला अजिबात अपाय न करणारी. हे शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. तरीही पुढे कित्येक दिवस मी जिन्याकडे जाताना श्वास रोखून, डोळे मिटून, कंबरेत दुमडून जात असे, आणि मग बस पकडून, वाकू नका, हे शिकवायला जात असे.

बाई मूळच्या सांगोल्याकडच्या. घरी मेंढरं होती. मेंढरांमागे पळून पळून पायात जोर आला, असं त्या सांगायच्या. त्या जोरावर खो-खो खेळल्या, खो-खोवर नोकरी लागली, आणि सोलापुरातल्या एका मुलींच्या शाळेत पीटीच्या बाई म्हणून त्यांची उभी हयात गेली. लग्न केलं नाही. का, असं एकदा मी विचारलं. “हंगाम गावला न्हाय,” एवढंच उत्तर मिळालं. जून ते सप्टेंबर सराव, मग तालुका, जिल्हा, विभाग. उरलेल्या दिवसांत उन्हाळी शिबिर.

त्यांच्या जगात माणसांची नावं नव्हती, खेळातल्या जागा होत्या. दूधवाला राखीव होता, कारण तो कधी यायचा, कधी भावाला पाठवायचा. गल्लीतले एक वकील ‘फाउल’ होते. मी पहिल्या दिवसापासून खांब. माझं पार्सल घेऊन पोरगा आला आणि त्याने माझं भारदस्त नाव वाचून दाखवलं तर बाई म्हणाल्या, “असलं कोन न्हाय हितं. खांब हाय एक वरती. त्याचं हाय का बघ.” पोरगा परत गेला. पार्सलमध्ये माझं नाव कोरलेली टेबलावरची पाटी होती.

त्या कडक भाकरी गुडघ्यावर आपटून मोडायच्या, शेंगाचटणीबरोबर उभ्या उभ्या खायच्या, आणि खाताना शिंगाडीकडे बघायच्या. संध्याकाळी जाळ्यासमोर लोखंडी खुर्ची टाकून बसायच्या. एकदा त्यांना खूश करावं म्हणून मी मेलेली माशी कागदावर घेऊन जाळ्याकडे निघालो. शिट्टी वाजली. “भाईरनं मदत करायची न्हाय,” बाई म्हणाल्या. “खेळात बसत न्हाय ते.”

फाटकातून येणारा प्रत्येकजण वाकायचा. मीटर बघणारा वाकायचा, गॅसवाला सिलिंडरसकट वाकायचा. निवडणुकीला उभा असलेला एक उमेदवार हार, कार्यकर्ते आणि हलगीवाला घेऊन आला. शिट्टी वाजताच आपल्यालाच सलामी आहे असं वाटून तो हात जोडून पुढे आला. बाईंनी त्याला वाकवलं, मग कार्यकर्त्यांना ओळीने वाकवलं. तो निवडून आला. त्याचे कार्यकर्ते नंतर सांगत फिरले की साहेब त्या गल्लीत अगदी जमिनीपर्यंत वाकले, तिथेच वारं फिरलं.

मी मात्र एकदा वाकायला विसरलो.

त्या दिवशी कॉलेजात माझं मोठं व्याख्यान होतं. विषय होता ‘भीतीवर विजय’. उशीर झाला होता, बाई दळणाला गेल्या होत्या, शिट्टी वाजली नाही, आणि मी जिन्यावरून धावत सुटलो तो सरळ फाटकाबाहेर. चेहऱ्यावर काहीतरी चिकट लागलं. घाम असेल म्हणून रुमालाने पुसलं.

सभागृह भरलं होतं. पुढच्या रांगेत प्राचार्य बसले होते. मी मंचावर उभा राहून दूर खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणालो, “भीती ही फक्त तुमच्या मनात असते.” पुढच्या रांगेतली एक मुलगी हात वर करून म्हणाली, “सर, तुमच्या कॉलरवर पण आहे काहीतरी.”

मी खाली पाहिलं. शिंगाडी माझ्या कॉलरच्या टोकावर बसली होती.

त्यानंतर माझ्या तोंडून निघालेला आवाज माईकमधून बाहेरच्या पार्किंगपर्यंत गेला, असं शिपाई सांगतो. मी टेबलावर चढलो. कॉलर माझ्याबरोबरच वर आली, त्यामुळे उपयोग झाला नाही. विद्यार्थ्यांना वाटलं हे प्रात्यक्षिक आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. शेवटी त्याच मुलीने मंचावर येऊन चहाचा रिकामा कप कॉलरला लावला, वर वही धरली आणि शिंगाडीला आत घेतलं.

बाईंना फोन केला. त्या स्कूटीवरून आल्या. हेल्मेट न काढता भर सभागृहात शिरल्या, कप घेतला, आत पाहिलं, आणि मग टेबलावर उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. “पाय मोडला न्हाय न्हवं तिचा?” मी मान हलवली. “मग खाली उतर,” त्या म्हणाल्या. मी उतरलो. प्राचार्य काहीतरी विचारायला उठले होते, ते बाईंच्या आवाजाने परत खाली बसले. पुढे बराच काळ कॉलेजात ‘भीतीवर विजय’ हे शब्द उच्चारले की हशा व्हायचा, आणि मी पण त्यात हसायचो, कारण नजरेला नजर देण्यापेक्षा ते सोपं होतं.

शिंगाडीने दुसऱ्या दिवशी नवं जाळं विणलं. बाईंनी मला त्याबद्दल एक शब्द ऐकवला नाही. फक्त शिट्टी दोनदा वाजू लागली.

आमच्या समोर लक्ष्मीआक्का राहायची. तेलुगू घर. पुढच्या खोलीत टॉवेलचे माग, मागे संसार. आक्का आणि बाई यांचा दोस्ताना फार जुना. संध्याकाळी दोघी आपापल्या फाटकाला टेकून, मधे अख्खी गल्ली ठेवून, मागांच्या खडखडाटावर आवाज चढवून गप्पा मारायच्या. त्यामुळे त्यांची सगळी गुपितं गल्लीला पाठ होती. आक्काची नात वैशू ही बाईंची शेवटची शिष्या. चौथीत होती, आणि बाईंच्या मते असे पाय त्यांनी सगळ्या नोकरीत फार थोडे पाहिले होते. रोज सकाळी बाई तिला गल्लीत पळवायच्या.

पाऊस संपता संपता वैशूला ताप आला. दोन दिवसांनी कळलं, डेंगी. तिला दवाखान्यात ठेवलं. मग गल्लीत आणखी एक-दोघे आजारी पडले. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. घरोघरी पिंपं भरून ठेवलेली असतात. पण पिंपं प्रत्येकाचीच होती, त्यामुळे पिंपांवर आळ घेणं कुणालाच परवडत नव्हतं. सगळ्यांचं बोट बाईंच्या अंगणाकडे गेलं. कण्हेर, कुंड्या, वेली, वर जाळं. डासांचं माहेरघर, असं वकील म्हणाले.

महापालिकेचा धूर मारणारा माणूस आला. बाईंनी त्याला फाटकातूनच परत पाठवलं.

संध्याकाळी आक्का दवाखान्यातून आली ती घरात न जाता सरळ आमच्या फाटकाशी. केस विस्कटलेले, हातात जेवणाचा डबा, न उघडलेला.

“टीचर, धूरवाला तुझ्या दारातनं परत गेला म्हणे?”

“गेला.”

“का?”

“शिंगाडी मरंल,” बाई म्हणाल्या.

“माझी वैशू सलाईनवर हाय, टीचर. सकाळधरनं डोळं उघडली नाय. आणि तुला किडा मोठा झाला?”

बाईंचा हात शिट्टीकडे गेला आणि तसाच खाली आला. माझ्या पाहण्यातलं ते पहिलंच. मी जिन्यात उभा होतो. अशा प्रसंगी मध्यस्थी कशी करावी यावर माझं एक अख्खं सत्र आहे. मी घसा खाकरून म्हणालो, “हे बघा, संवादाने कोणताही प्रश्न...”

“गप,” दोघी एकदम म्हणाल्या. त्या दिवशी त्यांचं एकमत झालं ते एवढ्यावरच.

आक्का गेली. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळच्या गप्पा बंद. आक्का फाटकाला आतून कडी घालायची. बाई खुर्ची टाकून बसायच्या, पण त्यांचं तोंड शिंगाडीकडे नसायचं, आक्काच्या दाराकडे असायचं. मी आलो-गेलो तरी शिट्टी वाजेना. मीच आपला सवयीने वाकत होतो आणि वर बघून खात्री करत होतो की कुणी पाहिलं का.

त्याच आठवड्यात माझी दाढ दुखत होती म्हणून मी वैशूला ठेवलेल्या दवाखान्याकडेच गेलो होतो. समोरच्या औषधाच्या दुकानापाशी स्कूटी उभी दिसली. शेजारी बाई, पांढरे बूट, हातात पिशवी. त्या आत गेल्या नव्हत्या. दवाखान्याच्या वॉचमनला त्या काहीतरी विचारत होत्या. तो आत जाऊन आला, मान हलवून काहीतरी म्हणाला, तशी त्यांनी पिशवी त्याच्या हातात दिली आणि स्कूटी वळवली. मी नंतर त्याला विचारलं. “रोज येतात,” तो म्हणाला. “पोरगीला डाळिंब देतात. नाव सांगू नको म्हणतात.”

मी बाईंना काही बोललो नाही. व्यक्तिमत्त्व विकासात यासाठी कुठलंही सत्र नाही.

मग एक दिवस बाई स्वतःच महापालिकेच्या आरोग्य केंद्रात गेल्या आणि तिथल्या सिस्टरना घेऊन आल्या. फाटकात उभं राहून त्यांनी खणखणीत आवाजात गल्लीला बोलावलं. “या समदे. बघा माझ्या घरात काय हाय ते. समद्यांसमोर बघा.”

लोक जमले. आक्काही आपल्या दारात आली, पण उंबऱ्याच्या आतच राहिली. सिस्टर बॅटरी घेऊन कामाला लागल्या. कुंड्यांखालच्या ताटल्या पाहिल्या: वाळू भरलेली. पिंप पाहिलं: कापड बांधलेलं, आतून घासलेलं, पाणी कालचंच. टाकी, रांजण, कोपऱ्यातला जुना टायर, त्यालाही भोकं पाडलेली. एक अळी सापडली नाही. वकिलांनी स्वतः वाकून टायरात पाहिलं. बाई सावधानमध्ये उभ्या होत्या. मला इतका अभिमान वाटला की मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर जाऊन उभा राहिलो, म्हणजे सगळ्यांना दिसावं की मीही याच घरचा.

“वर कोण राहतं?” सिस्टरनी विचारलं.

“मी,” मी म्हणालो. “पण वर तुम्हाला काहीच मिळणार नाही, मॅडम. स्वच्छतेच्या बाबतीत मी फार काटेकोर आहे.”

वर गॅलरीत माझा कूलर होता. उन्हाळ्यात आणलेला, जूनमध्ये बंद केलेला. तेव्हापासून मी त्याच्यावर ओले मोजे वाळत घालत होतो. आत पाणी तसंच होतं आणि पावसाने त्यात आपली भर घातली होती. सिस्टरनी झाकण काढलं, पळीने पाणी घेऊन पांढऱ्या वाटीत ओतलं आणि कठड्यावरून सगळ्यांना दाखवलं. वाटीभर काळे स्वल्पविराम वळवळत होते.

“अहो सर,” सिस्टर म्हणाल्या, “हे तर पाळल्यासारखं आहे.”

खाली गलका झाला. मी खाली आलो तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते. बाई पुढे आल्या.

“घर माझं हाय,” त्या म्हणाल्या. “कूलर माझा हाय. मी वर जाऊन बघाय पायजे हुतं. चुकलं.”

“नाही, नाही,” मी म्हणालो, “कूलर माझा आहे.” नेमका त्या वेळी माझा आवाज चौदाव्या वर्षी फुटायचा तसा फुटला.

शिट्टी वाजली. “तू मधे बोलू नको.”

“टीचर,” आक्का आपल्या दारातून म्हणाली. बऱ्याच दिवसांनी तिने हाक मारली होती. “त्यो कूलर ह्यानं टेम्पोतनं आणला. वर चढवताना जिन्यात अडकला, तर माझ्या पोरानं हात लावला की. तू कशाला अंगावर घेतीस?”

बाई तिच्याकडे वळल्या. त्यांनी फाटकाची दोन्ही दारं सताड उघडली, खाली विटा लावल्या आणि सिस्टरना म्हणाल्या, “धूरवाल्याला बोलवा. पयला हितं मारा. वरचं, खालचं, समदं.”

सिस्टरनी फोन लावला. गल्ली पांगली. बाईंनी कण्हेरीची एक फांदी कापली, शिंगाडीच्या पायाशी धरली, हळूच टेकवली. शिंगाडी फांदीवर आली. बाईंनी ती फांदी माझ्यासमोर धरली.

“धर.”

“मी?”

“मला खिडक्यांच्या फटी बुजवायच्या हाईत. धर.”

आम्ही माझ्या खोलीत गेलो. बाईंनी दारखिडक्या लावल्या, फटींत माझेच टॉवेल आणि माझे चांगले शर्ट कोंबले. मी खोलीच्या मधोमध हात लांब करून उभा. खाली यंत्र घरघरू लागलं. खिडकीबाहेर पांढरं झालं. शिंगाडी फांदीच्या टोकाला गेली, तिथून धागा सोडून लटकली आणि हेलकावत माझ्या मनगटावर येऊन बसली.

“बाई,” मी कुजबुजलो.

“हलू नको. काय करत न्हाय ती.”

मला वाटलं होतं काटे टोचतील. काहीच वाटलं नाही. तांदळाचा दाणा ठेवावा इतकंच. मी मात्र डोळे घट्ट मिटले होते. बाईंनी पाहिलं आणि माझ्या दंडाला आधार दिला. आम्ही तसेच उभे राहिलो. बोलत राहिलो नाही तर मी ओरडेन असं वाटून मी विचारलं, “बाई, एवढं काय आहे हिच्यात?”

“काय न्हाय.” मग त्या म्हणाल्या, “शाळेत हुते तवा दिसभर पोरींना पळवायचे. पळ, वळ, खो दे. रिटायर झाले आन् वट्यावर बसायला गेले, तर बसायलाच यिना. उठायचे, फाटकापतूर जायचे, माघारी यायचे. पुन्हा उठायचे. मग ही आली कण्हेरीवर. दिसभर एका जागी. जाळं फाटलं की पुन्यांदा करायचं आन् बसायचं. म्हनलं, बघू तर खरं, हिला कसं जमतंय.”

“मग जमलं तुम्हाला?”

“न्हाय,” त्या म्हणाल्या. “पर हिच्याशेजारी जरा टिकते.”

बाहेरची घरघर पुढच्या घराकडे सरकली. बाई खिडकीच्या काचेतून दिसत नसलेल्या आक्काच्या घराकडे बघत होत्या. “वैशूनं डोळं उघडलं परवा,” त्या म्हणाल्या. “आज पेज घेतली म्हनं.” मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “ती घरी आली की बास. मग हिचं काय व्हायचं ते हू दे.”

धूर पुरता विरल्यावर आम्ही खाली आलो. जाळ्याच्या चिंध्या लोंबत होत्या. बाईंनी शिंगाडीला कण्हेरीवर सोडलं. सकाळी ती तिथे नव्हती. पाइपावर नव्हती, वेलीवर नव्हती. मी प्रत्येक पान उलटून पाहिलं. माझ्यासारख्या माणसाने कोळी शोधत फिरावं हे मला तेव्हा विचित्रही वाटलं नाही. बाईंनी शोधलं नाही. “गेली,” म्हणाल्या, आणि खुर्ची उचलून आत ठेवली. कूलर मी त्याच दिवशी भंगारवाल्याला दिला.

काही दिवसांनी वैशूला घरी सोडलं. रिक्षा गल्लीत वळली तसे सगळे दारात आले. आक्का भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन ओवाळायला फाटकाशी आली आणि थांबली. तिच्या फाटकाचा खांब आणि आतली तुळस यांच्यामध्ये एक नवं कोरं जाळं होतं. बाहेरच्या धाग्यांवर कापसाचे ठिपके. मधोमध शिंगाडी. गल्ली ओलांडून ती कशी गेली हे मला आजही कळलेलं नाही.

आक्काच्या हाताशी भिंतीला केरसुणी टेकलेली होती. तिने ती उचलली. रिक्षात वैशू आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती, पार काडी झालेली. बाई आपल्या ओट्यावर उभ्या होत्या. त्यांचा हात शिट्टीकडे गेला नाही. त्या फक्त वैशूकडे बघत होत्या.

आक्काने जाळ्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि केरसुणी परत भिंतीला टेकवली.

“मागनं घ्या रिक्षा,” ती म्हणाली. “मागच्या दारानं.”

सगळी वरात वळसा घालून मागच्या बोळात गेली. सामानाची पिशवी मी घेतली होती. मागच्या दाराची चौकट बुटकी आहे हे मला कपाळावर कळलं. वैशूला ओवाळलं, आत नेऊन स्वयंपाकघराशेजारच्या पलंगावर निजवलं. आक्काने इकडेतिकडे पाहिलं आणि मला म्हणाली, “टीचर कुठाय? जा, बोलवून आण.”

बाई आल्या. बूट बाहेर काढून आत आल्या. अनवाणी त्या एकदम लहानखुऱ्या दिसल्या. वैशूच्या पायाशी बसल्या आणि तिच्या पोटऱ्या दाबून बघू लागल्या. वैशू हसली. आक्काने चहा केला, एक कप बाईंपुढे ठेवला.

“तुझी ती माझ्या दारात बसलीय,” आक्का म्हणाली.

“बघितलं.”

“घेऊन जा.”

“मी न्हाय आनली तिला. मी कशी नेऊ?” बाई म्हणाल्या. “तुला नको आसंल तर काढून टाक. मी काय म्हननार न्हाय.”

आक्काने पदराने गॅसचा ओटा पुसला. पुसलेलाच ओटा पुन्हा पुसला.

“खाती काय ती?”

“डास,” बाई म्हणाल्या.

आक्काचा हात थांबला. “डास? मग त्या दिवशी का नाय सांगितलीस, टीचर? मी एवढं बोलले तुला.”

“पोरगी सलाईनवर आसताना?” बाई म्हणाल्या. “तवा कसलं सांगायचं.”

त्यांचा एक हात वैशूच्या पायावर होता. समोरचा चहा तसाच होता, त्यावर साय धरली होती. आक्काने तो कप उचलला, गार चहा पातेल्यात परत ओतला आणि गॅस पेटवला.